उरलेला एक मीटर

ट्रकची रुंदी कायद्याने ठरलेली आहे. जास्तीत जास्त २.६ मीटर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचं डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद असतं. जिथे वर्दळ कमीच राहणार असं धरलेलं असतं, तिथे तीनच मीटर. वजाबाकी चौथीतल्या पोराला जमेल. ट्रक एका कडेला अगदी चिकटून चालला, तर दुसऱ्या कडेला १.१५ मीटर उरतो. त्यात ट्रकचे आरसे या मापात धरत नाहीत. कापूस भरलेला ट्रक तर हंगामात दोन्ही अंगांनी तट्ट फुगलेला असतो. त्यामुळे हिशेबाला एकच मीटर धरायचा.

माझ्या सायकलचं हँडल साठ सेंटिमीटरचं आहे. म्हणजे डावीकडे वीस, उजवीकडे वीस. एवढ्या जागेत डोकं शांत ठेवून सरळ रेषेत सायकल चालवायची, याला आमच्या ग्रुपमध्ये ‘टूरिंग’ म्हणतात.

आणि समोरासमोर दोन ट्रक आले तर? २.६ अधिक २.६, म्हणजे ५.२ मीटर. रस्ता ३.७५. आता वजाबाकी करायलाही काही उरत नाही. कुणीतरी डांबर सोडून खाली उतरणार. कोण उतरणार, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं.

गेल्या जानेवारीत मी आणि माझी एक मैत्रीण वर्धा जिल्ह्यात चार दिवस सायकलने फिरलो. माझं आजोळ हिंगणघाट. ती पक्की पुणेकर. निघायच्या आधी तिने विचारलं होतं, “वर्ध्याला बघण्यासारखं काय आहे?” सेवाग्राम, पवनार, बोरचं जंगल अशी यादी मी तिला ऐकवली. प्रत्यक्षात चार दिवसांत आम्ही सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर ट्रक. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. आणि त्या एक मीटरमध्ये रोज राहणाऱ्यांबद्दल.

मोठ्या रस्त्यावर भीती कमी असते

हे ऐकायला उलटं वाटेल. वर्ध्याहून देवळीकडे जाणारा रस्ता चौपदरी आहे. पुढे तो यवतमाळ, नांदेडकडे जातो. ट्रक तिथे भरपूर, वेगही भरपूर. पण डाव्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर पुरेसं डांबर आहे, मध्ये दुभाजक आहे, समोरून कुणी अंगावर येत नाही. ट्रक जवळून गेला की आधी हवा आपल्याला बाहेर ढकलते आणि तो पुढे सरकला की आत ओढते. दोन-चार वेळा हे झालं की हात आपोआप तयार होतात. आम्ही गाणी म्हणत देवळीपर्यंत गेलो.

गाणी थांबली ती पुलगावहून आर्वीकडे वळल्यावर. रस्ता अरुंद, कडा तुटलेल्या. दोन्ही बाजूंना वेचणी चाललेला कापूस आणि उभी तूर. आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मैत्रीण थांबलीच. बाभळीला कापूस कसा? मग मागून भरलेला ट्रक आला, फांद्यांना घासत गेला, आणि काट्यांवर आणखी थोडे पांढरे पुंजके ठेवून गेला. त्या पुंजक्यांवरून गाडी किती रुंद आणि किती उंच भरली होती, ते मोजता आलं असतं.

या भागात एवढे ट्रक का, याचं उत्तर त्या पुंजक्यांतच आहे. कापूस एकदाच प्रवास करत नाही. वावरातून तो ट्रॅक्टरने किंवा मेटॅडोरने बाजारात किंवा जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. मग सरकी एका ट्रकने तेलाच्या मिलला आणि गाठी दुसऱ्या ट्रकने सूतगिरणीला. एकाच बोंडातून निघालेला माल तीन वेळा रस्त्यावर येतो. त्यात रेतीचे आणि मुरमाचे टिप्पर मिळवा, की गावरस्त्याचा दिवस पूर्ण होतो.

याच पट्ट्यात एकेकाळी रेल्वे होती. पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटरची नॅरोगेज. इंग्रजांच्या काळात कापूस मुख्य लाइनपर्यंत आणायला टाकलेली. वऱ्हाडातल्या प्रसिद्ध ‘शकुंतले’चीच ही बहीण. गाडी केव्हाच बंद पडली, पण कापूस बंद पडला नाही. रुळांवरून जायचं वजन डांबरावर आलं. मात्र ते येणार म्हणून डांबर काही रुंद झालं नाही.

पुढे विरूळच्या भागात डोक्यावरून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. आता तो मुंबईच्या दारापर्यंत, ७०१ किलोमीटर झाला आहे. त्यावर सायकलला आणि मोटरसायकललाही बंदी आहे. वेगाचा विचार केला तर ती योग्यच म्हणायची. पण खालून जाताना मान वर करून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. जड वाहनांसाठी वेगळा रस्ता बांधता येतो, तिथून दुबळ्या वाहनांना बाहेर ठेवता येतं. उलटं कुठेच नाही. आणि कापूस काही समृद्धीवर पिकत नाही. तो आणायला ट्रकला खाली उतरून याच तीन-पावणेचार मीटरवर यावं लागतं.

केबिनमधून

सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये ट्रकवाल्यांबद्दल जे बोललं जातं ते मला पाठ आहे. माजलेले असतात, पिऊन चालवतात, साइड देत नाहीत. मी त्यात फारशी बोलत नाही, कारण माझा मामा ट्रक चालवतो.

बारावीच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर हिंगणघाटहून आदिलाबादपर्यंत गेले होते. दहाचाकी गाडी, मागे शंभराच्या आसपास गाठी, एकेक गाठ १७० किलोची. नुसता मालच सतरा टन. मी क्लीनरच्या जागेवर बसले होते. मे महिना होता. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि पायाशी इंजिनाची वेगळी धग. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तो २०२५ मध्ये. मामाची गाडी त्याआधीची. त्याचा एसी म्हणजे ओला दुपट्टा.

एका ठिकाणी त्याने गाडी उभी केली आणि मला म्हणाला, “मायासीटवर बस. आता त्या डाव्या चाकापाशी एक म्हातारा उभा हाय. दिसते का तुले?”

मला आरशात रस्ता दिसत होता, काचेतून झाडं दिसत होती. म्हातारा दिसत नव्हता. मामाने हाक मारली तेव्हा तो चार पावलं पुढे आला आणि काचेत उगवला.

“पहिले क्लीनर रायचा,” मामा म्हणाला. “तो म्हंजे माया डावा डोळा. दरवाज्यावर हात मारला का समजायचं, बाजूले कोनी हाय. आता भाड्यात क्लीनर परवडत नाही. एकाच डोळ्यानं चालवून रायलो.”

आपल्याकडे सायकलवाला कुठून चालतो? डावीकडून.

त्याच प्रवासात मी दुसरी गोष्ट विचारली होती. समोरून मोटरसायकल आली की तू खाली का उतरत नाहीस? त्याने हसून रस्त्याच्या कडेकडे बोट दाखवलं. काळी माती. आपण जिला कौतुकाने कापसाची काळी म्हणतो, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसात तिचं लोणी होतं, उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या फटी पडतात. डांबराच्या कडेखालची माती अशी हलत राहते म्हणून कडा तुटतात. तुटलेल्या कडेवरून भरलेल्या गाडीचं एका बाजूचं चाक खाली गेलं आणि रुतलं, की गाडी कलते. वर पंधरा-वीस फूट माल रचलेला. कललेली गाडी मग सरळ होत नाही, आडवी होते.

“मी उतरलो त गाडी पलटते. तो उतरला त त्याचे कपडे खराब होतात,” मामा म्हणाला होता.

हा हिशेब क्रूर आहे, पण त्यात माज नाही. साइड न देणाऱ्या ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला ती काळी माती दिसत असते, हे मला तेव्हा कळलं.

त्या कडा अशा का तुटतात, याचंही एक गणित आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक अक्षरशः दिवसरात्र फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही रस्ते बांधताना वापरतात. आसावरचं वजन दुप्पट झालं, तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होतं. चार वेळा गुणायचं. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. चार टायर असलेल्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आसपास. पण वरचा ठोकताळा लावला तर प्रत्येक फेरीमागे रस्त्याची झीज साठ टक्क्यांच्या आसपास वाढते. ही झाली कायद्यातली वाढ. कायद्याबाहेरची किती असते ते ट्रकची पाटी पाहून कळतंच. आणि ही सगळी झीज आधी निघते ती कडेवर. म्हणजे ट्रक जितका जड, तितका आपला एक मीटर लवकर संपतो.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता, तो आठवत असेल. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि लोकांना दोन दिवस ट्रकवाल्यांची किंमत कळली. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, तिला त्यांचा विरोध होता. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दोन दिवसांत मामा घरीच होता. मी फोनवर त्याला विचारलं, पळून जाणं बरोबर आहे का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “थांबलं त लोकं मारतात, पळालं त कायदा मारते. आन जो खाली पडला तो त मरतेच. तिघाईचंही कोनी ऐकत नाही.”

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारे. म्हणजे दर तिघांमागे जवळपास दोघे त्या एक मीटरमधले.

मोठी! दोनी!

दुसऱ्या दिवशी आम्ही आर्वीहून वर्ध्याकडे परत निघालो. मुख्य रस्ता सोडून एका गावरस्त्याने आत गेलो होतो. सकाळचे सव्वानऊ. समोर सात मुली, सात सायकली, गणवेश, पाठीला दप्तरं. दोन-दोनच्या जोड्यांनी, रस्ता अडवून, आरामात. शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाची चर्चा रंगात आली होती.

आम्ही जवळ गेलो तशी सगळ्यांत मागची मुलगी वळली.

“कुठून आल्या जी तुमी?”

“पुण्याहून.”

“सायकलनं?”

“नाही, वर्ध्यापर्यंत रेल्वेने.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. आमच्या हेल्मेटबद्दलचा तिचा आदर जरा कमी झाला असावा.

आम्ही त्यांच्यामागे चालायला लागलो. तेवढ्यात ती ओरडली, “मोठी!” क्षणात तीन जोड्या आणि ती एकटी, सगळ्यांची एक रांग झाली. चर्चा थांबली नाही. एक टिप्पर मागून आला, हॉर्न देत पुढे गेला. रांग परत मोडली, जोड्या झाल्या.

मी विचारलं, हे काय आहे? तिने सांगितलं त्याचा सारांश असा. सगळ्यांत मागे चालणारीला ‘मांगची’ म्हणतात. रोज पाळी बदलते. मांगचीने बोलायचं नाही, फक्त कान मागे ठेवायचे आणि समोरही बघायचं. तिचे शब्द तीन. ‘गाडी’ म्हणजे मोटरसायकल, ऑटो, कार. थोडं सरकायचं. ‘मोठी’ म्हणजे ट्रक, टिप्पर, ट्रॉली. एका रांगेत यायचं. आणि ‘दोनी’ म्हणजे मागूनही मोठी, समोरूनही मोठी. तेव्हा चालवायचंच नाही. उतरायचं, सायकल घेऊन मातीत जायचं, दोन्ही गेल्या की परत वर यायचं.

५.२ वजा ३.७५ हे गणित मी लॅपटॉपवर केलं होतं. त्यांनी ते तीन शब्दांत सोडवलेलं होतं.

“आज तुमी मांगं हा न,” ती म्हणाली, “मंग आज तुमीच मांगच्या.”

पुढचे चार किलोमीटर मी मांगची होते. इतकी मोठी जबाबदारी मला ऑफिसात कुणी दिलेली नाही. कान मागे ठेवणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. रिकामा टिप्पर खडखडतो, भरलेला घुमतो. ट्रॅक्टरची ट्रॉली साखळीच्या आवाजाने कळते. वारा समोरून असेल तर मागचं काहीच ऐकू येत नाही, मग सारखं वळून पाहावं लागतं. छोटा हॉर्न म्हणजे ‘मी आलो’. लांब हॉर्न म्हणजे ‘मी थांबणार नाही’. दोनदा ‘मोठी’ झालं, एकदा ‘दोनी’. ‘दोनी’ला आम्ही नऊ जणी मातीत उभ्या राहिलो. दोन ट्रक एकमेकांना घासतील की काय अशा बेताने, चालण्याच्या वेगाने सरकले. एका ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून मुलींना ‘थांबा, थांबा’ अशी खूण केली. त्या थांबलेल्याच होत्या. तरी त्याने केली. मला ते आवडलं.

फाट्यावर चहाची टपरी होती. शाळेला वेळ होता म्हणून मुली पाच मिनिटं टेकल्या. मैत्रिणीने त्यांचा फोटो काढला. एकीने भावाचा नंबर दिला, फोटो पाठवा म्हणून. मी सहज म्हटलं, सात जणी रोज एकत्र येता, छान आहे.

“पहिले आठ होतो,” एक जण म्हणाली.

“मग?”

“ती येत नाही आता. आठवीपर्यंत आली. मंग रेतीच्या गाड्या लय वाढल्या न या रोडवर. एक दिवस ती मांगची होती आन घाबरून नालीत पडली. काई लागलं नाही जास्त. पन तिच्या बाबानं नाही म्हटलं.”

“एसटी नाही का?”

“हाय न. पन ते शाळा भरल्यावर येते.”

“आणि तिची सायकल?” सायकल सरकारी योजनेतून मिळालेली होती, सगळ्यांसारखीच.

“घरी हाय. तिचा बाबा नेते वावरात.”

हे सांगताना कुणी आवाज खाली केला नाही, कुणाचा चेहरा पडला नाही. नेहमीचीच गोष्ट होती. मग घड्याळ पाहून सगळ्या उठल्या. सातवीने पाळी परत आपल्याकडे घेतली.

अपघाताच्या आकडेवारीत ही आठवी मुलगी कुठेच नाही. तिला लागलं नाही, पोलिसांत नोंद झाली नाही, कुठल्या ड्रायव्हरला शिक्षा झाली नाही. रस्त्याने तिला मारलं नाही, फक्त घरी बसवलं. अशा किती जणी असतील ते मोजायचं कुठलं यंत्र नाही.

पायी चालणाऱ्यांचा जिल्हा

तिसरा दिवस आम्ही पवनार आणि सेवाग्रामला दिला. धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात दुपारी बसलो होतो. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा इथून पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. या जिल्ह्यात पायी चालणं हे एकेकाळी देशाचं लक्ष वेधून घेणारं काम होतं.

मी त्या सावलीत बसून मुलींचा विचार करत होते. पदयात्रेला निघालेला माणूस मुक्कामाला पोचला की लोक हार घेऊन उभे असतात. मुली रोज पाच किलोमीटर जातात आणि पाच किलोमीटर येतात. त्यांच्यासाठी रस्ता ही यात्रा नाही, दहावीपर्यंत पोचायचं एकमेव साधन आहे. आमच्यासाठी तर तो सुट्टीतला चार दिवसांचा थरार. नको वाटलं तर सायकल पार्सल डब्यात टाकून आम्ही घरी. ‘रस्ता सगळ्यांचा आहे’ हे वाक्य म्हणायला सोपं आहे. पण रस्ता सोडून जायची सोय सगळ्यांकडे नसते.

वेळ कुणाची?

चौथ्या दिवशी वायगावमार्गे हिंगणघाट. आजीच्या अंगणात मामा खाटेवर पडला होता. आदल्या रात्री चंद्रपूरकडचा माल टाकून आला होता. जामच्या चौकात हैदराबादकडचा आणि चंद्रपूरकडचा, असे दोन्ही रस्ते नागपूरच्या रस्त्याला मिळतात. त्या चौकाच्या रांगेत त्याचा तास गेला होता. जेवताना मी त्याला मुलींची गोष्ट सांगितली. तीन शब्द सांगितले. ‘मांगची’ ऐकून तो खूश झाला.

“मंग मिळाला त्यायले क्लीनर,” म्हणाला.

आठव्या मुलीचं सांगितलं तेव्हा मात्र त्याने भाकरी मोडायची थांबवली. कुठला रस्ता, किती वाजता, बारकाईने विचारलं. मग म्हणाला, “नागपुरात सकाळी मोठी गाडी घालून पाय. पोलीस चालान फाडते. नो एंट्री हाय. काहून? शाळेची, ऑफिसाची टाइम रायते म्हणून. मंग खेड्यात शाळा नसते का?”

मी गप्प झाले. चार दिवस मी मीटर मोजत होते. रस्ता रुंद व्हायला हवा, कडेला मुरूम हवा, वजनकाटा हवा, हे सगळं खरंच. पण त्यासाठी निधी लागतो, निविदा लागते, पाच वर्षं लागतात. तोवर आठवीतली मुलगी तेरा वर्षांची अठराची होते. मामाने रुंदीचा प्रश्न वेळेवर आणून ठेवला होता. जागा वाटून घेता येत नसेल, तर तास वाटून घेता येतात. सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर दीड तास, एवढाच वेळ त्या एका रस्त्यावर भरलेली गाडी यायची नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे कधीच मिळालेलं आहे, आणि तेही त्यांनी न मागता.

कायद्यातही त्याला जागा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली, लोकांच्या सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालता येतात. राज्य सरकार घालू शकतं किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी. शहरातल्या नो एंट्रीचा हा कायदा खेड्यातल्या रस्त्यालाही तोच आहे. फक्त तो तिथे कुणी मागत नाही.

“तूच थांबत जा ना मग त्या वेळेला,” मी मामाला म्हटलं.

“थांबीन न मी. गाडी कधी भरायची, कधी पोचवायची, हे मले कोन इचारते? लेट झालं त भाडं कापते. मी एकटा थांबलो त मांगचा मायावर हॉर्न मारते.” मग पाणी पिऊन म्हणाला, “सगळ्यायले थांबवा. मंग मीबी खुशीनं थांबतो. तेवढीच झोप होते.”

मग तोच म्हणाला, “सव्वीस जानेवारीले ग्रामसभा रायते. पोरीयच्या मास्तरले सांग.”

त्या रात्री आजीच्या घरी बसून मी ठरावाचा मसुदा केला. सहा ओळींचा. रस्त्याचं नाव, शाळेची वेळ, जड वाहनांना बंदीची मागणी, कलमाचा उल्लेख. आठव्या मुलीचं नाव मला माहीत नव्हतं, असतं तरी घातलं नसतं. फक्त ‘वाहतुकीमुळे विद्यार्थिनींची शाळा सुटत आहे’ एवढं लिहिलं. टपरीवरच्या फोटोसोबत तो मसुदा त्या भावाच्या नंबरवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वर्धा स्टेशनवर पार्सलची पावती करत असताना, उत्तर आलं.

“फोटो मस्त आला ताई. कागद सरांना दाखवतो. बहीण विचारते, टाइम नऊचा नको, पावणेनऊचा टाका. गुरुवारी तिची मांगचीची पाळी असते, आणि ती सगळ्यांच्या आधी निघते.”

मी नऊच्या जागी पावणेनऊ केलं आणि मसुदा परत पाठवला.